लपाछपीचा चॅम्पियन : मिथेनॉल!

सीन बघा. मे १९८१, अमेरिकेतला इंडियानापोलिसचा ट्रॅक. रिक मिअर्स नावाचा ड्रायव्हर इंधन भरायला पिटमध्ये थांबतो. पाइप नीट बसायच्या आतच इंधन उसळतं. पुढच्या क्षणाला मिअर्स गाडीतून उडी टाकतो, हातवारे करत धावतो, हेल्मेटशी झटापट करतो. आजूबाजूचे लोक बघत राहतात. ह्याला झालंय काय?

तो पेटला होता! आणि ज्वाळा कोणालाच दिसत नव्हत्या!

शेवटी त्याच्या वडिलांनीच फायर एक्स्टिंग्विशर हिसकावून आग विझवली. मिअर्सच्या नाकावर प्लास्टिक सर्जरी करावी लागली. पण पठ्ठ्या परत आला आणि ती शर्यत आणखी तीनदा जिंकला. १९८४, १९८८ आणि १९९१!

ह्या अदृश्य आगीमागचा हीरो म्हणा, व्हिलन म्हणा, आहे मिथेनॉल. अल्कोहोलच्या खानदानातलं सगळ्यात धाकटं शेंडेफळ. एक कार्बन, एक ऑक्सिजन, चार हायड्रोजन, संपली फॅमिली! दिसायला पाण्यासारखं, वासाला दारूसारखं, आणि लपण्यात एक नंबर. आज त्याला शोधायचंच. रेडी?

आधी नावापासून. माहीत आहे का, मिथेनॉलचं मेथीशी काहीही नातं नाही, पण मधाशी आहे? फ्रान्समधल्या द्युमा आणि पेलिगो ह्या केमिस्ट जोडीने १८३४ मध्ये दोन ग्रीक शब्द जोडले. 'मेथी' म्हणजे मद्य आणि 'हिले' म्हणजे लाकूड. लाकडातली दारू! हा ग्रीक 'मेथी' आणि आपला संस्कृत 'मधु' एकाच मुळातून फुटलेले. म्हणजे मधुरा, माधव आणि मिथेनॉल हे शब्दांच्या घराण्यातले लांबचे भाऊबंद!

बोनस घ्या. जांभळा ॲमेथिस्ट खडा माहीत आहे ना? त्याच्या नावातही हाच 'मेथी' बसलाय, पुढे नकार लावून. नशा न चढू देणारा! हा खडा जवळ असला की दारू चढत नाही, अशी ग्रीकांची समजूत होती.

लाकडाचं काय प्रकरण? लाकूड बंद भांड्यात, हवा न लागू देता तापवायचं. कोळसा मागे राहतो आणि वाफ थंड केली की त्यात मिथेनॉल सापडतं. रॉबर्ट बॉइलला ते १६६१ च्या सुमारास बॉक्सवुडच्या लाकडातून मिळालं. पुढची अडीचशे वर्षं जगाला मिथेनॉल पुरवलं ते झाडांनीच.

मग आलं १९२३. जर्मनीत बीएएसएफ कंपनीने लॉयना इथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन ह्या वायूंपासून कारखान्यात मिथेनॉल बनवायला घेतलं. लाकडाची सुट्टी! आणि त्याच १९२३ मध्ये आपल्याकडे? म्हैसूर संस्थानातल्या भद्रावतीच्या लोखंड कारखान्यात उत्पादन सुरू झालं. तिथे भट्टीसाठी लाकडाचा कोळसा करायचे आणि त्या लाकडाच्या वाफेतून लाकडी स्पिरिटही गोळा करायचे. ह्या कारखान्यामागचं डोकं कोणाचं? सर विश्वेश्वरय्या! पुण्यात इंजिनिअर झालेले आणि खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे तेच. एका जागी मिथेनॉलचा जुना जमाना, दुसऱ्या जागी नवा, आणि साल एकच. मला तर हा योगायोग भलताच आवडतो.

आता थर्मामीटर काढा!

मिथेनॉल गोठतं उणे ९७.६ अंश सेल्सिअसला. पृथ्वीवर जमिनीवर नोंदलेलं सगळ्यात थंड तापमान किती, माहीत आहे का? अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक स्टेशनवर जुलै १९८३ मध्ये उणे ८९.२. म्हणजे पृथ्वीवरच्या रेकॉर्डब्रेक थंडीतही मिथेनॉलची बाटली मजेत डुचमळत राहिली असती. थंड देशांत गाडीच्या काचा धुवायच्या पाण्यात ते मिसळतात ते ह्याचसाठी. पाण्याचा बर्फच होत नाही.

उकळतं कधी? ६४.७ अंशांना. चहाचं आधण यायच्या कितीतरी आधी ह्याला उकळी!

एक लिटर मिथेनॉल उचलून बघाल तर ते भरेल फक्त ७९२ ग्रॅम. पाण्यापेक्षा पाचवा हिस्सा हलकं.

आणि ही जादू बघा. ५० मिली पाणी अधिक ५० मिली मिथेनॉल म्हणजे किती? शंभर? चूक! शंभराला तीन-चार मिली कमीच भरतात. रेणू एकमेकांच्या फटींत असे घुसून बसतात की जागा वाचते, गर्दीच्या लोकलमध्ये चौथी सीट निघते ना, तशी. वर मिश्रण गरमही होतं.

त्याहून भारी कोडं घ्या. एक लिटर द्रव हायड्रोजन आणि एक लिटर मिथेनॉल. हायड्रोजन जास्त कशात? द्रव हायड्रोजन लिटरला फक्त ७१ ग्रॅम भरतो. मिथेनॉलच्या लिटरभरात हायड्रोजन असतो ९९ ग्रॅम! शुद्ध हायड्रोजनपेक्षा जास्त हायड्रोजन, तोही उणे २५३ अंशांची कटकट न करता साध्या डब्यात. एकदम हटके की नाही?

आग, पण गुप्त

ज्वाळा दिसत का नाही? मेणबत्तीची, लाकडाची, पेट्रोलची ज्वाळा पिवळी दिसते ती तापलेल्या काजळीच्या कणांमुळे. काजळीसाठी कार्बनला कार्बन जोडलेला लागतो. मिथेनॉलकडे कार्बनच एक! जोडीदारच नाही, तर काजळी कुठून? फिकट निळी ज्वाळा, उन्हात पार गायब.

मग एवढ्या डेंजर इंधनाला रेसिंगवाल्यांनी घेतलं कशाला? कारण पेट्रोल त्याहून डेंजर ठरलं. १९६४ च्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅक्डॉनल्ड ह्यांच्या गाड्या धडकल्या, पेट्रोलचा भडका आणि काळ्या धुराचा डोंगर उठला. दोघंही गेले. त्यानंतर तिथे मिथेनॉलचं राज्य आलं आणि चार दशकं टिकलं. २००७ पासून त्याची जागा इथेनॉलने घेतली.

मिथेनॉलच्या बाजूने मोठा पॉइंट असा की ते पाण्यात कितीही मिसळतं. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं की पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे पसरतं. मिथेनॉल पाण्यात विरतं, पातळ होतं, विझतं. पिटमध्ये पाण्याच्या बादल्या तयार ठेवायचे ते ह्याचसाठी. अर्थात मोठी टाकी पेटली तर बादलीचं काम नाही. तिथे अल्कोहोलला दाद न देणारा खास फोम लागतो, कारण साधा फोम मिथेनॉल चक्क गिळून टाकतं.

माहीत आहे का, मिथेनॉल पुण्यात आणि मुंबईत वेगळं वागतं? त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ निघायचं किमान तापमान, आहे सुमारे ११ अंश. पुण्यात थंडीतल्या पहाटे पारा ८-९ वर उतरतो, तेव्हा ते जरा सुस्त. मुंबईत वर्षाचे बाराही महिने ते सज्ज! थंड देशांत निव्वळ मिथेनॉलवरची गाडी सकाळी स्टार्टच व्हायची नाही. म्हणून त्यात १५ टक्के पेट्रोल मिसळायची आयडिया निघाली. एम-८५ इंधन म्हणतात ते हेच.

आता जरा स्क्रोल थांबवा, कारण ही गंमत नाही, खबरदारी आहे. मिथेनॉलची वाफ हवेत साधारण ६ ते ३६ टक्के असली की पेटू शकते. आणि बंद पिंपात द्रवाच्या वरच्या रिकाम्या जागेत ती किती साठते? २० अंशांना सुमारे १३ टक्के. मुंबईच्या ३० अंशांना २१-२२ टक्के. म्हणजे बरोब्बर डेंजर झोनच्या मधोमध! पेट्रोलच्या टाकीत उलट असतं. तिथे वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच पुरत नाही. त्यामुळे अर्धं रिकामं मिथेनॉलचं पिंप हे भरलेल्या पिंपाइतकंच, किंबहुना जास्त जपायचं. त्याच्याजवळ वेल्डिंग नाही, बिडी नाही, मोबाइलचा टॉर्च लावून वाकून बघणंही नाही. पिंपांच्या तोंडाशी बारीक जाळी बसवलेली दिसली तर ओळखा, ती आगीला आत जाऊ न देणारी राखणदार आहे.

भडकतं, पण थंडही करतं! एक किलो मिथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या तिप्पट उष्णता लागते. शिवाय तेवढ्याच हवेत इंधनही दुपटीहून जास्त जाळावं लागतं. पेट्रोलला १४.७ किलो हवेत १ किलो, मिथेनॉलला ६.४ किलोतच १. दोन्ही आकडे गुणले की इंजिनात शिरणाऱ्या हवेला सुमारे सातपट जास्त गारवा! म्हणून भर उन्हात रेस बाइकच्या कार्ब्युरेटरवर दंव जमतं. आत आग, बाहेर हिमाचल!

मात्र ॲव्हरेज बेताचं. किलोमागे ऊर्जा पेट्रोलच्या निम्म्याहून कमी. तेवढंच अंतर जायचं तर टाकी दुप्पट हवी.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने मेसरश्मिट मी-१६३ नावाचं रॉकेटचं लढाऊ विमान उडवलं. त्याच्या इंधनात निम्म्याहून जास्त मिथेनॉल होतं, सोबत हायड्राझिन. दुसऱ्या टाकीत जहाल हायड्रोजन पेरॉक्साइड. ही दोन भेटली की काडीशिवाय भडका! आणि दोन्ही दिसायला पाण्यासारखी. चुकीच्या टाकीत थोडं जरी गेलं तरी खेळ खलास. त्या विमानात इंधन भरणाऱ्यांच्या छातीत किती धडधडत असेल!

हा मिथेनॉलचा पराक्रम तुम्ही कदाचित रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर पाहिलाही असेल. आरसी मॉडेल विमानं उडवणारी मंडळी बघा. लिंबाएवढं इंजिन. त्यात स्पार्क प्लग नाही, ग्लो प्लग असतो, आत प्लॅटिनमची केसाएवढी बारीक स्प्रिंग. दीड व्होल्टच्या सेलने ती लाल करायची आणि पंख्याला टिचकी मारायची. टर्रर्र! इंजिन किंचाळायला लागलं की सेल काढून घेतात, तरी ते चालूच राहतं. कसं? मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की प्लॅटिनम आपोआप तापून लाल राहतं! विमान उतरल्यावर पंखांवर बोट फिरवा, चिकट लागेल. ओळखा काय ते. एरंडेल! हो, लहानपणी नाक दाबून पाजायचे तेच. एरंडेल पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही, मिथेनॉलमध्ये मात्र छान विरघळतं, म्हणून वंगण म्हणून तेच घालतात. बीएस्सीवाल्यांना हिरवी ज्वाळाही आठवत असेल. बोरेट ओळखायच्या टेस्टमध्ये मिथेनॉल आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून पेटवलं की कडा हिरवीगार! (ही लॅबमध्ये, सर शेजारी उभे असतानाच. घरी अजिबात नाही. परदेशांत वर्गात मिथेनॉल ओतून रंगीत ज्वाळा दाखवताना मुलं भाजली आहेत.)

सगळ्यात भयंकर लपाछपी

इथे आवाज खाली घेतो.

इथेनॉल आणि मिथेनॉल. पहिलं दारूतलं, उसाच्या मळीतून आपले साखर कारखाने बनवतात आणि पेट्रोलमध्ये मिसळतात ते. दुसरं हे. दोघांत फरक फक्त एका कार्बनचा. रंगाने, वासाने किंवा चवीने ओळखून दाखवण्याची पैज कोणीही लावू नये. पेटवून बघितल्यानेही कळत नाही.

माहीत आहे का, मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नसतं? विष तयार करतं आपलंच लिव्हर! ते मिथेनॉलचं आधी फॉर्माल्डिहाइड करतं आणि मग फॉर्मिक ॲसिड. लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी. मुंग्यांपासून पहिल्यांदा मिळालेलं हे ॲसिड आपल्या पेशींची ऊर्जा बनवणारी यंत्रणाच बंद पाडतं. आणि पहिला घाव डोळ्यांच्या नसेवर. पेशंट सांगतात, समोर सगळं पांढरं दिसतंय, बर्फात उभं असल्यासारखं. १० मिली, म्हणजे दोन चमचे, एवढ्यानेही दृष्टी जाऊ शकते. ३० मिलीने जीव जाऊ शकतो.

लपाछपी कुठे? वेळेत! मिथेनॉल मिसळलेली दारू प्यायल्यावर १२ ते २४ तास फारसं काही जाणवतच नाही. नेहमीसारखी चढते, माणूस घरी जातो, झोपतो. उलट्या, पोटदुखी आणि अंधारी सुरू होते दुसऱ्या दिवशी. तोवर लोक हँगओव्हर समजतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत असंच झालं. शंभराहून जास्त माणसं गेली, बहुतेक हातावर पोट असलेली. २००४ च्या अखेरीस विक्रोळीतही. गुजरातीत तर ह्या प्रकाराला स्वतंत्र शब्दच आहे, लठ्ठाकांड.

आता उताऱ्याची चकित करणारी गोष्ट. मिथेनॉलवर उतारा काय? इथेनॉल! लिव्हरमधलं एन्झाइम म्हणजे तिकीटखिडकी समजा. तिथे इथेनॉलला मिथेनॉलच्या दहा-वीस पट जास्त वशिला. इथेनॉल खिडकी अडवून बसतं, मिथेनॉल रांगेत ताटकळतं आणि विष न बनताच हळूहळू शरीराबाहेर जातं. फोमेपिझोल नावाचं औषधही हीच खिडकी बंद करतं. सोबत डायलिसिस, फोलिक ॲसिड. पण लक्षात घ्या, हे मोजूनमापून रक्त तपासत हॉस्पिटलमध्येच होतं. संशय आला तर घरी बाटली उघडू नका, माणसाला तडक दवाखान्यात न्या. त्रास सुरू झालेला नसला तरी! आणि त्याच बैठकीत प्यायलेल्या बाकीच्यांनाही शोधून काढा. तेही वाचू शकतात.

बरं, कातडीतून आणि श्वासातूनही ते शरीरात शिरतं. लॅबमध्ये हातावर सांडलं तर साबण-पाण्याने लगेच धुवायचं.

लगेच घाबरू नका! मिथेनॉल तुमच्या श्वासातही आहे, अगदी लेशमात्र. पिकलेल्या फळांत आहे. टोमॅटोच्या ज्यूसमधून मिळतं ते तेवढ्याच डाएट सोड्यापेक्षा जास्त! इतक्या थोड्याला आपलं शरीर सहज पुरून उरतं.

आणि झाडं? वाढणारी पानं हवेत मिथेनॉल सोडत असतात. रात्री पानांची रंध्रं मिटलेली, ते आत साचतं. सकाळी रंध्रं उघडली की भप्पकन बाहेर! पानांवर राहणारे गुलाबी बॅक्टेरिया ह्याच मिथेनॉलवर जगतात. हो, चक्क गुलाबी!

घरात शोधा पाहू. प्लायवुडचं कपाट, एमडीएफचं टेबल, सनमायका. ह्यांना धरून ठेवणाऱ्या रेझिनमध्ये फॉर्माल्डिहाइड असतं, आणि ते बनतं मिथेनॉलपासून. लोणच्याच्या व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड कारखान्यात बनतं तेही बहुतांशी मिथेनॉलपासूनच. करंजाच्या तेलाचं बायोडिझेल करायचं? मिथेनॉल लागतं.

माझा सगळ्यात लाडका किस्सा मात्र लसीचा. मार्च २०२२ मध्ये १२ ते १४ वर्षांच्या मुलांना कोरोनाची कोर्बेव्हॅक्स लस दिली, आठवतंय? तिचं मुख्य प्रोटीन बनवलं पिकिया नावाच्या यीस्टने. ह्या यीस्टला मिथेनॉल भरवायचं. तेच त्याचं खाणं आणि तेच त्याचं स्टार्ट बटण! मिथेनॉल मिळालं की प्रोटीनचा कारखाना सुरू. नंतर गाळून, शुद्ध करून लस तयार. त्याच्या आधी १९९७ मध्ये हैदराबादची शानव्हॅक-बी ही कावीळ-बीची लसही ह्याच यीस्टकडून आली होती. माणसाला आंधळं करणाऱ्या द्रवाने लाखो पोरांच्या दंडात संरक्षण पोचवलं!

भविष्यही ह्यालाच हवंय. १९९४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळवणारे जॉर्ज ओलाह आणि त्यांचे बंगळुरूचे सहकारी सूर्य प्रकाश ह्यांनी 'मिथेनॉल इकॉनॉमी' हीच कल्पना लावून धरली. हवेत चाललेला कार्बन डायऑक्साइड पकडा, हायड्रोजन जोडा, मिथेनॉल करा, जाळा, पुन्हा पकडा. आइसलँडमध्ये ज्वालामुखीच्या शेजारी ओलाह ह्यांच्या नावाचा असा प्लँट उभाही राहिला. २०२३ मध्ये 'लॉरा मर्स्क' हे कंटेनर जहाज हिरव्या मिथेनॉलवर दक्षिण कोरियातून कोपनहेगनला पोचलं. आपल्याकडे आसाममधल्या नामरूपला २०१८ मध्ये मिथेनॉलच्या शेगड्या वाटल्या, आणि हैदराबादेत भेलने आपल्या राखेने भरलेल्या कोळशातून मिथेनॉल काढून दाखवलं.

आणि आता मान वर करा, कारण सगळ्यात मोठा साठा तिकडे आहे!

डब्ल्यू-थ्री-ओएच नावाच्या तारे जन्मणाऱ्या भागात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञांना २००६ मध्ये मिथेनॉलचा एक पूल सापडला. लांबी ४६३ अब्ज किलोमीटर! तो नैसर्गिक मेसर आहे, म्हणजे लेसरचा रेडिओ-भाऊ. मिथेनॉलचे रेणू रेडिओ लहरी फुगवून फेकतात आणि दुर्बिणींना सांगतात, इथे भलामोठा तारा जन्माला येतोय!

शेवटचा पत्ता फारच दूरचा. १ जानेवारी २०१९. पृथ्वीवर न्यू इयर पार्ट्या चालू होत्या आणि न्यू होरायझन्स यान प्लुटोच्याही पलीकडे ॲरोकॉथ ह्या लालसर, दोन लाडू चिकटवल्यासारख्या दगडाजवळून गेलं. तिथे पाण्याच्या बर्फाची ठाम खूण काही मिळाली नाही. बर्फ सापडला तो मिथेनॉलचा!